केवल अनुसंधान हेतु

बाटली रिकामी आली, अशी तक्रार आमच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी यायचीच. नोकरीला लागले त्या महिन्यात असा एक फोन मीच घेतला. पलीकडे कुणी प्रोफेसर होते. ते तणतणत होते, "मैडम, खाली शीशी भेज दी आपने!" मी घाबरून साहेबांकडे पळाले. साहेब समोसा खात होते. खाता खाता म्हणाले, "बोल दो, माल अंदर है. दिखता नहीं, पर है."

आणि खरंच असायचा. करंगळीच्या दोन पेरांएवढी काचेची बाटली, तिला रबरी बूच, वर पत्र्याची टोपी, आणि आत मानवी प्रोटीन. माणसाच्या शरीरात जे प्रोटीन तयार होतं त्याची कृती जिवाणूंना शिकवायची, त्यांच्याकडून ते करवून घ्यायचं, मग शुद्ध करून, गोठवून वाळवायचं. शेवटी बाटलीच्या बुडाशी जे उरतं ते डोळ्याला दिसतच नाही. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा आणि त्यातले दहा उचला, एवढंच. पण तेवढ्यावर एखाद्या मुलीची पीएच.डी. व्हायची. ते परदेशातून विमानानं यायचं, आणि प्रत्येक बाटलीवर बारीक इंग्रजीत छापलेलं असायचं की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसाला देण्यासाठी नाही.

ही नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. पूर्वी अशी एक बाटली मागवायची तर परवान्याच्या फाइली वर्षभर फिरायच्या म्हणे. आता दारं उघडली होती. जो तो कुठल्या ना कुठल्या परदेशी कंपनीची एजन्सी घेत होता. आमच्या साहेबांनी गुडगावात एका नव्याकोऱ्या इमारतीत दोन खोल्या घेतल्या, फॅक्स मशीन बसवलं, दोन मोठे फ्रीजर आणले आणि मला ठेवलं. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि टायपिंग येतं, एवढ्या भांडवलावर. मी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातून चार्टर्ड बसनं जायचे. ऑफिसच्या एका खिडकीतून मोहरीचं शेत दिसायचं आणि दुसरीतून क्रेन.

लक्ष्मीबाई नगरात आमचं सरकारी क्वार्टर होतं. बाबा एका मंत्रालयाच्या हिंदी विभागात होते. मराठी माणूस, पण आयुष्य गेलं इंग्रजी कागदांची हिंदी करण्यात. एकेका शब्दावर दोन-दोन दिवस अडून बसायचे. त्या बाबतीत त्यांच्यापुढे सेक्रेटरीचीही मात्रा चालायची नाही. आम्ही घरी त्यांची फार थट्टा करायचो. मी विचारायचे, "बाबा, लाउडस्पीकरला काय म्हणतात?" तर म्हणायचे, "ऑफिसात ध्वनिविस्तारक. घरात तुझी आई."

आई सांगलीकडची, वैद्याची मुलगी. लग्न करून दिल्लीला आली आणि पंचवीस वर्षांत भाजीवाल्यापुरतं हिंदी शिकली, त्यापुढे नाही. पाट्या मात्र सगळ्या वाचायची. अक्षर एकच, मग अडचण कसली? आणि मराठी अर्थ लावून मोकळी व्हायची. 'शिक्षा मंत्रालय' अशी पाटी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं बाबांना विचारलं होतं, की इथे कुणाला शिक्षा करतात? बाबा म्हणाले होते, "मला. रोज दहा ते पाच." मी वाढले दिल्लीत, त्यामुळे माझं मराठी अर्धं यार-अच्छावालं. ती माझ्या मराठीला हसायची आणि मी तिच्या हिंदीला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये बाबांच्या हाताला शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालं. नंतर पेन धरवेना. मग जीभ जड झाली. त्यांच्या ऑफिसातले लोक म्हणाले, आजकाल हे पिऊन येतात की काय? मोठ्या सरकारी रुग्णालयात सहा चकरा मारल्यावर तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. औषध नाही. दीड वर्ष, फार तर दोन. "घर ले जाइए, सेवा कीजिए," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. धरली नाही. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात, पण जिथे खरोखर भांडायचं तिथे माझं तोंडच उघडत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर ऑर्डर पडली होती, रीकॉम्बिनंट ह्यूमन नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. अशा ऑर्डरी मी महिनोन् महिने टाइप करत होते आणि एकदाही नाव असं वाचलं नव्हतं. माणसाचं, आणि नसा वाढवणारं. मी उठले, फ्रीजर उघडला आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या बाटलीकडे बघत राहिले. साहेब ओरडले, "दरवाज़ा बंद करो, ठंड निकल रही है!"

मी एका संशोधन संस्थेतल्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञांना फोन केला. ते आमचे जुने ग्राहक. कुणासाठी ते सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं. म्हणाले, "बेटा, हे घटक बशीत वाढवलेल्या पेशींवर घालतो आम्ही. आणि हा ज्या नसांवर काम करतो त्या वेगळ्या. तुझ्या माणसाच्या ज्या जातायत, त्यांच्यावर ह्याचा काही उपयोग नाही. असता तर मीच तुला सांगितलं असतं." मी थँक यू म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

त्या दिवशी मी ठरवलं की हे नाव घरात उच्चारायचं नाही. का, तर आईला मी ओळखत होते. तिनं तोवर दोन होमिओपॅथ, फरीदाबादचा एक मालिशवाला आणि कुणाकुणाचे अंगारे करून झाले होते. नस वाढवणारं काही माझ्या ऑफिसातल्या फ्रीजरमध्ये आहे असं तिला कळलं असतं, तर जगातलं कुठलंही शास्त्र तिला थांबवू शकलं नसतं. म्हणून मी लपवलं. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे ह्याचाच फास झाला.

ऑगस्टपर्यंत बाबांचं बोलणं संपलं. हात मांडीवर पडलेले असायचे. मी एका पुठ्ठ्यावर मोठी बाराखडी लिहिली होती. आम्ही अक्षरांवरून बोट फिरवायचं, हवं ते अक्षर आलं की ते डोळे मिटायचे. एकदा मिटले म्हणजे हो, दोनदा मिटले म्हणजे नाही. आयुष्यभर शब्दांचा कीस पाडणारा माणूस, एका 'पाणी'साठी त्याला पाच मिनिटं लागायची.

सप्टेंबरात सरकारी कचेऱ्यांत हिंदी पखवाडा असतो. त्या पंधरा दिवसांत जो तो हिंदीत लिहितो, बक्षिसं असतात. त्या संस्थेच्या स्टोअरवाल्यालाही हुक्की आली असणार. त्यानं नेहमीची ऑर्डर ह्या वेळी हिंदीत टाइप करून पाठवली. वस्तूचं नाव, पुनर्योगज मानव तंत्रिका वृद्धि कारक. त्याखाली, मात्रा : दस माइक्रोग्राम. त्याखाली, केवल अनुसंधान हेतु. आईच्या नकळत बाबांना दाखवायला म्हणून मी हा कागद घरी न्यायचाच विचार करत होते. म्हटलं, बघा, तुमचे भाऊबंद कुठवर पोचलेत.

शुक्रवारी बाटली विमानतळावरून सुटून आली तेव्हा साडेचार वाजले होते. संस्थेचं स्टोअर पाचला बंद, शनिवार-रविवार सुट्टी. आमच्या इमारतीत त्या आठवड्यात वीज सारखी जात होती आणि जनरेटर आजारी होता. साहेब म्हणाले, "घर ले जा बेटा, फ्रिज में रख दे. सोमवार को सीधे दे आना." असं आम्ही अधूनमधून करायचो. मी बाटलीचं पाकीट, त्याला टाचलेली ऑर्डर, सगळं घरी आणून बर्फाच्या कप्प्यात मटारच्या पिशवीमागे ठेवलं. आईला म्हटलं, ऑफिसचं आहे, हात लावू नकोस. अशी मी मूर्ख. हात लावू नकोस म्हटल्यावर आईनं काय केलं असेल?

शनिवारी सकाळी मी गुडगावला गेले. बाबांनी रिटायरमेंटनंतरसाठी तिथे एक फ्लॅट बुक केला होता आणि बिल्डरनं बघायला बोलावलं होतं. लिफ्टच्या जागी नुसतं भोक होतं. तिसऱ्या मजल्यावर उभं राहून मला कळलं की बाबा हे घर बघणार नाहीत. तीन वाजता परत आले तेव्हा घरात उदबत्तीचा वास. आई नेसली होती ती कपाटातली इरकली. देवापुढचा दिवा उचलून तिनं बाबांच्या पलंगाशी आणला होता. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत असा पाहिला नव्हता.

"देवानं ऐकलं गं," ती म्हणाली.

"काय ऐकलं?"

"तुझं ते ऑफिसातलं औषध. दिलं मी. मधातून, सहाणेवर सात वळसे देऊन."

स्टुलावर सहाण होती, सहाणेवर मधाचा ओघळ. शेजारी बाटली. वरची पत्र्याची टोपी तिनं अडकित्त्यानं उचकटली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आई! अगं ते औषध नाही! काय केलंस तू? कुणाला विचारून?"

"मग हे काय?" तिनं ऑर्डरचा कागद माझ्यापुढे धरला. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "मानव. वृद्धि. इथे बघ, मात्रा. दहा म्हणून लिहिलंय. मी आधी तंत्रिका वाचून जरा घाबरले हो, म्हटलं तांत्रिक-मांत्रिकाचं काही नाही ना. पण खाली स्वच्छ लिहिलंय, केवल अनुसंधान हेतु. म्हणजे देवाचं अनुसंधान ठेवूनच घ्यायची. म्हणून दिवा लावला. ह्यांनाही सांगितलं, अहो, मनात दुसरं काही आणू नका. मग चाटवली."

मी कपाळावर हात मारून घेतला. मारतानासुद्धा मला हसू फुटत होतं, इतकं ते भयंकर होतं. दहा मायक्रोग्रॅम आहे, फक्त संशोधनासाठी वापरा, असं तो बिचारा स्टोअरवाला हिंदीत लिहून गेला होता. आईनं मराठीत वाचलं, मात्रा आहे, देवाचं नाव घेऊन द्या. आणि मराठीत तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या वडिलांच्या दवाखान्यात बोलणं गेलेल्या माणसाला हेमगर्भाची मात्रा मधात उगाळून चाटवायचे, आणि माणूस शेवटचे दोन शब्द बोलायचा, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

"अनुसंधान म्हणजे संशोधन!" मी ओरडले. "हिंदीत संशोधन! मात्रा म्हणजे किती माल आहे ते! उंदरांच्या पेशींवर घालायचं असतं ते. आणि बाटलीत तुला काही दिसलं तरी का?"

"मात्रा कधी दिसते का डोळ्याला? चार थेंब पाणी घालून हलवली. नखभर असली तरी पुरते," आई शांतपणे म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "हे तुझ्या ऑफिसात कधीपासून आहे?"

मी रागात होते. रागात माणूस खरं बोलतो. "पहिल्यापासून आहे! एप्रिलपासून मी स्वतः मागवतेय! पण ते..."

"एप्रिलपासून," ती म्हणाली.

पुढचं तिनं काही ऐकलं नाही. मी सांगत होते की पोटात गेलं की वरणासारखं पचून जाईल, नसांपर्यंत पोचणारच नाही, आणि पोचलं असतं तरी त्या नसा ह्या नव्हेत. ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती. तिचे ओठ हलले, एप्रिल, मे, जून.

तेव्हा मी बाबांकडे वळले. अख्ख्या दिल्लीत ह्या शब्दाचा अर्थ सांगायला ह्या माणसाइतका लायक कुणी नव्हता. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. त्यांच्या हनुवटीला थोडा मध लागला होता. मी तो पुसला आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही सांगा हिला. ह्या कागदावर मात्रा म्हणजे क्वांटिटी. बरोबर ना? बरोबर असेल तर एकदा डोळे मिटा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. ती इरकली नेसून, हातात कागद धरून उभी होती. खूप वेळ पाहिलं.

मग त्यांनी डोळे मिटले. आणि पुन्हा मिटले. दोनदा.

"बाबा, नीट ऐका," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "मात्रा म्हणजे क्वांटिटी. हो की नाही?"

दोनदा. नाही.

आईनं कागदाची घडी घातली आणि देवातल्या पोथीत ठेवून दिली. स्वयंपाकघरात गेली आणि मऊ भाताला पाणी ठेवलं.

रविवारी ती दुधाच्या बूथवर गेली तेव्हा मी पुठ्ठा घेऊन बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, खोटं बोललात तुम्ही. आयुष्यात पहिल्यांदा." मी रडत होते आणि चिडले होते, दोन्ही एकदम. ते पुठ्ठ्याकडे बघायला लागले. मी बोट फिरवलं. 'आ'वर डोळे मिटले. मग बोट खूप पुढे गेलं, थेट 'ण'वर. बस, दोनच अक्षरं. आण.

"काय आणू? पाणी? चादर?" नाही, नाही. त्यांनी सहाणेकडे पाहिलं. मग मला कळलं. अजून आण. आणि कळल्याबरोबर मला दुसरंच सुचलं. आण म्हणजे शपथ सुद्धा. तुला माझी आण, तिला सांगू नकोस. कुठलं म्हणायचं होतं हे मी विचारलं नाही. शब्दांत काटेकोर असलेला तो माणूस दोन्ही अर्थ माहीत असल्याशिवाय ती दोन अक्षरं निवडणार नाही. मी दोन्ही पाळलं.

सोमवारी ऑफिसात सांगितलं की बाटली फुटली. साहेब हळहळले, दुसरी मागवली. संस्थेतल्या ज्या मुलीला ती हवी होती तिचा प्रयोग दीड महिना लांबला. तिनं मला फोन करून विचारलं, "मैम, इतनी छोटी-सी चीज़ टूटती कैसे है?" मी सॉरी म्हणाले.

आणि आणखी एक सांगते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या शनिवारनंतर तीन दिवस मी बाबांच्या बोटांकडे टक लावून बघत होते. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. असलेली मी. चहा देताना, चादर बदलताना, नजर तिथेच. हललं का? तर्जनी हलली का? बाबांनी मला एकदा बघताना पकडलं आणि नजर दुसरीकडे वळवली. चौथ्या दिवशी मी बघायचं सोडून दिलं.

मग दर शनिवारी मी बाटली आणायला लागले. रिकामी, खरोखरची रिकामी. परदेशी कंपनीनं नमुना म्हणून कोऱ्या बाटल्यांचा एक खोका पाठवला होता, तो आमच्याकडे तसाच पडून होता. मी बूच बसवायचे, वर टोपी दाबायचे, लेबल चिकटवायचे. खरी बाटली आणि रिकामी बाटली ह्यात फरक दिसायचा प्रश्नच नव्हता. आई चार थेंब पाणी घालून हलवायची, मधात कालवायची, सात वळसे द्यायची. दिवा लावायची. "अहो, अनुसंधान ठेवा हं," म्हणायची. आणि बाबा डोळे मिटून ते नसलेलं औषध चाटायचे. मी दारात उभी राहायचे. आत जाववायचं नाही आणि निघूनही जाववायचं नाही.

आईला गुण दिसायला लागला. आज डोळे तरतरीत आहेत. आज मान धरली. सांगलीला फोन करून सांगायची. बाबांना विचारायची, "बरं वाटतंय ना हो?" आणि ते एकदा डोळे मिटायचे. हो. त्यांचा एकेक स्नायू जात होता आणि ते हो म्हणत होते. नोव्हेंबरात मान पूर्ण गेली. डिसेंबरात गिळता येईना, नळी घालायला त्यांनी दोनदा डोळे मिटून नकार दिला. मध जिभेवर ठेवला तर ओठाच्या कडेनं परत यायचा. आई तो बोटानं निरपून पुन्हा आत सरकवायची. मी म्हटलं, आई, आता पुरे, ठसका लागेल. ती म्हणाली, "तू बोलू नकोस. तुझ्यामुळे आधीच पाच महिने गेले."

जानेवारीत, सकाळी अंग पुसताना, बाबा गेले.

तेराव्याला घर भरलं होतं. दिल्लीतली मराठी मंडळी, सांगलीचे मामा, शेजारचे. आई एका कोपऱ्यात बसून सगळ्यांना एकच सांगत होती, रडत नव्हती, नुसतं सांगत होती. "औषध होतं हो. हिच्याच ऑफिसात होतं, एप्रिलपासून. हिनं सप्टेंबरात आणलं, तेही मला फ्रिजमध्ये सापडलं म्हणून. लगेच गुण आला होता. पण तोवर उशीर झाला." मामा माझ्याकडे बघत होते. मावशी माझ्याकडे बघत होती. मी पानं वाढत होते. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते, की औषध नव्हतंच, आणि पहिली सोडली तर बाकीच्या बाटल्यांत पाणीसुद्धा नव्हतं. पण मग आईनं पंधरा शनिवार काय केलं? आणि बाबांनी तिला काय सांगितलं? मी भातावर तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही गुडगावच्या त्या फ्लॅटमध्ये आलो. तोवर लिफ्ट बसली होती, मोहरीचं शेत गेलं होतं. मी नोकरी बदलली, पण धंदा तोच. लग्न केलं नाही. आईशी माझं वाकडं नव्हतं असं कुणालाही वाटलं असतं. ती माझ्यासाठी डबा करायची, मी तिच्या गोळ्या आणायचे. फक्त मी एखादं काम विसरले, गॅसचा नंबर लावायला उशीर झाला, की ती म्हणायची, "असू दे. उशीर करायची तुला सवयच आहे." आणि मी, जी रिक्षावाल्याशी, बिल्डरशी, साहेबांशी भांडभांड भांडायचे, गप्प बसायचे.

सातेक वर्षांनी आमच्याच मजल्यावर नागपूरचं एक जोडपं राहायला आलं. तो कुठल्याशा मोठ्या कंपनीत होता. एका दुपारी त्याची बायको आईकडे आली, हातात रिपोर्टांची फाइल. नवऱ्याच्या हातातून कप पडायला लागला होता. डॉक्टरांनी तिलाही बाहेर बोलावून सांगितलं होतं. ती तिशीची असेल. आईनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नकोस. ह्याच्यावर औषध आहे. आमच्या हिच्या ऑफिसात येतं. आम्हाला उशीर झाला, तू करू नकोस."

ती बाई झटकन माझ्याकडे वळली. तिचे डोळे मला अजून विसरता येत नाहीत. "खरंच, ताई? मिळेल?"

आई माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात रिपोर्ट होता. त्यात तेच सगळं होतं, फक्त नाव आणि वय दुसरं. त्या पोरीला खोटी आशा लावणं माझ्यानं झालं नसतं. आणि आईसमोर खरं बोलायला तर मला बंदीच होती. मी फाइल मिटली.

"येत होतं," मी म्हटलं. "आता ते येणं बंद झालंय."

त्या बाईनं फाइल घेतली आणि पदरानं नाक पुसलं. आईनं तिचा हात हातात घेतला.

"बघ," आई तिला म्हणाली, "असं असतं. मिळत होतं तेव्हा हिनं आणलं नाही." मग माझ्याकडे पाहून, अगदी मायेनं म्हणाली, "मी मनात नाही हो ठेवलेलं. पोरगीच होती तेव्हा, तिला काय कळणार."

"हो," मी म्हटलं.